नव्वद अंशांचें मौन

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास ‘सूर जुळणें’ ह्या शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. परंतु सूर जुळलेले असूनही माणसें एकमेकांस ऐकूं येत नाहींत, हा अनुभवही कांहीं विरळा नव्हे. ह्या दुसऱ्या प्रकाराचें मर्म आम्हांस नीतिग्रंथांत सांपडलें नाहीं. तें सांपडलें रेडिओच्या शास्त्रांत. विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्यांच्या घरीं तंबोरा आहे त्यांस तो अर्धा अवगतच आहे.

जोडाच्या दोन तारा किंचित् बेसूर असल्या म्हणजे नाद लाटेप्रमाणें चढतो व उतरतो. एका तारेचीं आंदोलनें सेकंदास १००, दुसरीचीं १०२, तर सेकंदास लाटा दोन. रेडिओंतील मिक्सर ऊर्फ मिश्रक ह्याच अंतरावर जगतो; मात्र तो लहरी नुसत्या मिसळीत नाहीं, त्यांचा गुणाकार करतो. आकाशांतून आलेली लहर आणि यंत्राच्या पोटांतील आंदोलकाची लहर ह्यांच्या गुणाकारांतून दोहोंच्या कंप्रतांची बेरीज आणि वजाबाकी अशा दोन नव्या लहरी निघतात. केंद्र १००० किलोहर्ट्झवर व आंदोलक १४५५ वर असला, तर वजाबाकी ४५५. अमेरिकेंतील आर्मस्ट्राँग ह्यांनीं १९१८ सालीं पुढें आणलेली ही युक्ति आमच्या लहानपणीं दिवाणखान्यांत मानानें बसलेल्या वॉल्व्हच्या रेडिओंतही होती.

पुढें प्रश्न निघाला कीं, ही मधली पायरी गाळून आंदोलकाची गति केंद्राच्या गतीइतकीच ठेवली तर? वजाबाकी शून्य होईल आणि उरेल तें केवळ बोलणें व गाणें. इंग्लंडांत टकर ह्यांनीं १९४७ सालीं ‘सिंक्रोडाइन’ नांवानें असा रेडिओ मांडला. परंतु येथें गति जुळणें पुरत नाहीं. कला जुळावी लागते. दोन झोपाळे एकाच वेगानें झुलत आहेत, पण एक टोकाला असतां दुसरा मध्यावर आहे, अशी कल्पना करावी. हें अंतर पाव फेऱ्याचें, म्हणजे नव्वद अंशांचें. आंदोलक व केंद्र ह्यांत कलेचें अंतर नसेल तर आवाज पूर्ण येतो. साठ अंशांचें असेल तर निम्मा. आणि नव्वद अंशांचें असेल तर मुळींच नाहीं. १००० किलोहर्ट्झच्या केंद्रासाठीं नव्वद अंश म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांशाचा चौथा हिस्सा. केंद्र बोलत आहे, आंदोलक त्याच गतीनें चालला आहे, एकही तार तुटलेली नाहीं, तरी शांतता!

आमच्या घरीं हेंच घडलें होतें. गांवचा वाडा राखावा, हें थोरले काका व धाकटे काका ह्या दोघांच्याही मनांत होतें. थोरल्यांचें म्हणणें, पावसापूर्वीं छप्पर शाकारावें, हिशोब मग पाहूं. धाकट्यांचें, आधीं हिशोब, मग छप्पर. एक बोलावयास येई तेव्हां दुसरा देवघरांत. दुसरा कागद घेऊन बसे तेव्हां पहिला निजावयास गेलेला. दोघांचीं पत्रें पाहिलीं तर भाषा एकच; पण दोघांत दोन वर्षें शब्द नव्हता, आणि त्या अवधींत मागची भिंत ओल धरून खालीं आली. भांडण असतें तर कोणी मिटविलें असतें. मौन कोणी मिटवावें?

यंत्रास उपाय सांपडला. आंदोलकाची कला किती ढळली हें मोजावें आणि त्या मापानें त्यास हळूहळू वळवावें, हा विचार फ्रान्समध्यें द बेलसीझ ह्यांनीं १९३२ सालीं मांडला होता. १९५६ सालीं अमेरिकेंतील कोस्टास ह्यांनीं त्यास फार सुंदर रूप दिलें. त्यांनीं दोन मिश्रक योजिले. एकास सरळ कला दिली, दुसऱ्यास नव्वद अंश सरकवलेली. पहिला बोलतो तेव्हां दुसऱ्यानें गप्प असावयाचें. दुसरा कुजबुजूं लागला कीं समजावें, कला ढळली. आणि दोघांच्या आवाजांचा गुणाकार केला म्हणजे ती कोणत्या बाजूस ढळली हेंही कळतें. त्याप्रमाणें आंदोलक वळवावा, तों ती कुजबुज थांबते.

हें काम आमच्या घरीं आत्याबाईंनीं केलें. त्यांनीं कोणाचाही पक्ष घेतला नाहीं. कोणास केव्हां गाठावें, एवढेंच त्या एकास दुसऱ्याविषयीं सांगत. त्या वैशाखांत दोघे काका गवंड्यासमोर एका बैठकीस बसले. पडलेली भिंत परत आली नाहीं. उरलेला वाडा राहिला.

एकदां जुळलेली कला मात्र कायमची जुळलेली नसते. जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें, गोविंद स्वरूप ह्यांच्या पुढाकारानें उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारें २५ किलोमीटर प्रदेशांत पसरलेल्या आहेत. त्या सर्वांनीं मिळून एकच डोळा व्हावें, म्हणून मध्यवर्ती ठाण्याहून काचतंतूंतून संदर्भ-लहर धाडून प्रत्येकीचा आंदोलक तिच्याशीं बांधलेला असतो. तरीही उन्हाथंडीनें तंतूची लांबी केसभर बदलते, वरचें वातावरणही लहरीस चकवतें, आणि कला सरकते. म्हणून तेथील शास्त्रज्ञ निरीक्षण मध्येंच थांबवून वारंवार एकाद्या परिचित तेजोबिंदूकडे सर्व तबकड्या वळवितात, किती ढळलों हें पाहतात, आणि पुन्हां अज्ञाताकडे वळतात. एवढ्या मोठ्या यंत्रास हें करण्यांत कमीपणा वाटत नाहीं. कुटुंबांनीं सणावारास एका पंगतीस बसण्याचा प्रघात ज्यांस निरर्थक वाटतो, त्यांनीं खोडदच्या ह्या रीतीचा अवश्य विचार करावा.