तळहाताएवढी चित्रे

लग्नसराई संपली म्हणजे पांढुर्ण्याच्या घरोघरी एक संपत्ती मागे उरते आणि तिचे मोल कोणाच्या ध्यानीही येत नाही. ही संपत्ती म्हणजे जुन्या लग्नपत्रिका! मुहूर्त टळून गेलेली पत्रिका कोणाच्याच उपयोगाची नसते. परंतु तिच्यावर गजानन विराजमान असल्यामुळे ती केरात टाकण्याचा धीरही होत नाही. मग ती पंचांगात, आरशामागे, नाहीतर ट्रंकेच्या तळाशी वर्षानुवर्षे पडून राहते. आमच्या वर्गातील मुलांनी हा साठा गोळा केला, गजाननाला कात्रीने अलगद सोडवून देव्हाऱ्याजवळ पोचविले आणि उरलेल्या जाड कागदाचे तुकडे पाडले. प्रत्येक तुकडा २.५ इंच रुंद व ३.५ इंच लांब, म्हणजे खेळण्याच्या पत्त्याएवढा. त्यावर कागदाच्या घड्या आणि चिकटकाम यांनी एक चित्र सजवायचे, पाठीमागे आपले नाव व तारीख घालायची, की कार्ड तयार!

हे माप मी मुलांना सांगितले खरे, पण ते माझे नव्हे. मे १९९७ मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरी व्हेन्ची श्टिर्नेमान नावाच्या कलावंताने स्वतः केलेली १२०० इवलीशी चित्रे मांडली होती. ज्याला एखादे हवे असेल त्याने आपल्या हाताने तेवढेच चित्र करून आणावे आणि अदलाबदल करावी; पैसे देऊन एकही मिळणार नाही, अशी त्याची अट. ही प्रथा पुढे देशोदेशी पसरली. आमच्या वर्गानेही तीच अट स्वीकारली.

काम दिसते सोपे. पण कागद हा मोठा मानी प्राणी आहे. कारखान्यात तो सरकत्या जाळीवर घडतो, तेव्हा लगद्यातील बहुतेक तंतू जाळीच्या वाटेनेच आडवे होतात. त्या दिशेने घडी घातली तर ती पट्टीने आखल्यासारखी बसते. विरुद्ध दिशेने घातली तर जाड कागदाची पाठ फुटते. म्हणून आधी कागद दोन्ही अंगांनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो कमी कुरकुरतो ती त्याच्या मनासारखी घडी. होडी, टोपी, दौत या आपल्या जुन्या घड्या पतंगाच्या पातळ कागदातून नखाएवढ्या करता येतात, हे मुलांना स्वतःलाच खरे वाटेना. चिकटविण्यासाठी मैद्याची खळ. माझ्या कोकणी तोंडी ‘खळ’ असते, मुले तिला ‘लेई’ म्हणतात; वाद मिटविण्याच्या भरात एकदा ती करपली देखील. खळ फार लावली की कागद ओला होऊन फुगतो आणि कार्डाची पन्हळ होते. तेव्हा बोटाच्या टोकाने पातळ थर द्यावा आणि कार्ड रात्रभर जड ग्रंथाखाली दाबून ठेवावे. या कामी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाइतका समर्थ ग्रंथ मला आढळला नाही. बिचाऱ्याला कित्येक वर्षांनी रोजचे काम मिळाले!

आमची अदलाबदल चालते ती सौंसरच्या एका शाळेतील मुलांशी. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर या तहसिली छिंदवाड्यातून वेगळ्या निघून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. परंतु आगगाडीला त्याची दखल नाही. पांढुर्णा इटारसी-नागपूर मार्गावर, सौंसर छिंदवाडा-नागपूर मार्गावर; दोघांचे रूळ भेटतात ते थेट नागपुरास. त्यामुळे आमची कार्डे बिस्किटांच्या डब्यात बसून मोटारीने जातात, आणि आठवड्याभराने त्याच डब्यात सौंसरची कार्डे येतात. संत्र्याच्या बागा, जामसावळीचा मारुती, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल असे नाना विषय त्यांत असतात.

एकदा सावरगावाकडच्या एका मुलाने गोटमारीचे कार्ड केले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर निशाण लावतात, आणि एका काठावरून पांढुर्णा व दुसऱ्या काठावरून सावरगाव अशी दगडफेक होते. तिने माणसे जायबंदी झाली आहेत, कित्येक दगावलीही आहेत. या मुलाच्या काकाच्या कपाळावर तिची खूण आहे. त्याच्या कार्डावर मात्र निळ्या कागदाची बारीक चुण्या घातलेली नदी होती, मधोमध पळस होता, निशाण होते. दगड एकही नव्हता.

“दगड कुठे आहेत रे?” मी विचारले.

“सर, हे सकाळचं आहे. दगड अजून सुरूच नाही झाले,” तो म्हणाला.

हे कार्ड शाळेत आलेल्या एका पाहुण्यांच्या नजरेस पडले आणि त्यांनी त्याचे दोनशे रुपये देऊ केले. वर्ग एकदम स्तब्ध झाला. मुलाचे वडील दुसऱ्याच्या बागेत संत्री तोडायला जातात, हे सर्वांस ठाऊक होते. तो माझ्याकडे पाहू लागला.

झुरिकचा नियम तेथल्या तेथे सांगून टाकणे सोपे होते. पण माझे आजोळ सावंतवाडीचे. तेथील गंजिफा, म्हणजे हाताने रंगविलेले वाटोळे पत्ते, मी लहानपणी पाहिले आहेत. दशावतारी गंजिफाच्या डावात १२० पाने. एकेका अवताराची बारा. छापील पत्ते आले आणि चिताऱ्यांचे गिऱ्हाईक गेले. पुढे १९७० च्या सुमारास सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच ही कला पुन्हा उभी केली, आणि ती आजवर टिकली याचे एक कारण हे की ती पाने विकली जातात. ज्यांच्या घरी चूल पेटलेली आहे त्यांनी विक्रीला नावे ठेवावीत, हे मला कधी पटलेले नाही. मी म्हटले, “कार्ड तुझे आहे. तूच ठरव.”

त्याने थोडा विचार केला. “हे तर सौंसरच्या मुलीला द्यायचं आहे, सर. तिचं कार्ड आलं, मी ते घेऊन बसलो.” मग पाहुण्यांकडे वळून म्हणाला, “काका, तुम्हाला दुसरं करून देऊ का? उद्या सकाळी मिळेल.”

पाहुणे त्या रात्री गावातच मुक्कामाला राहिले. दुसऱ्या दिवशी मिळालेल्या कार्डात पळस तिरपा झाला होता आणि दोन्ही काठांवर राखी कागदाचे बारीक गोळे चिकटविलेले होते. वेळ दुपारची असावी. दोनशे रुपयांतले दीडशे त्याने आईजवळ दिले. उरलेल्या पन्नासांची त्याने कात्री आणली, कारण वर्गातील कात्री कागद कापीत नाही, चावते, अशी त्याची जुनी तक्रार होती. सध्या सगळा वर्ग त्याचीच कात्री मागतो आणि तो ती देतो. मात्र तिने पुठ्ठा कापायचा नाही, अशी त्याची सक्त ताकीद आहे.