पेटीत नसलेला गोलंदाज

दिवाळीच्या किल्ल्यासाठी बाजारात मिळणारे पुतळे एकदा एका ओळीत मांडून पाहावेत. सिंहासनावरचे महाराज, ढाल-तलवारवाला मावळा, भालेवाला, तुतारीवाला, घोडेस्वार, बुरुजावर ठेवायची एखादी तोफ. मग गवळण, वासुदेव, आणि हमखास एक वाघ, जो बहुतेक वेळा किल्ल्याच्या दरवाजाहून मोठा असतो. या गर्दीत एक माणूस मात्र सापडत नाही. तोफ असते, तिला बत्ती देणारा गोलंदाज नसतो. संगीन लावलेली बंदूक खांद्यावर घेऊन पलटणीत उभा राहिलेला शिपाईही नसतो. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. युद्धाचे पुतळे जमवणाऱ्याच्या हाती इतिहास येतो तो साच्यातून निघाला तेवढाच, आणि साचा जे पूर्वीपासून विकले जाते त्याचाच बनतो. राजूरसारख्या गावात या गोष्टीला वजन येते, कारण ज्या लढाईत मराठी गोलंदाजाने मोठी किंमत वसूल केली ती याच मुलखात झाली. जालना–भोकरदन रस्त्याने राजुरेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्यांतल्या फार थोड्यांना असईची ती लढाई आठवत असेल.

टेबलावर युद्ध मांडण्याचा छंद परदेशातून आला हे खरे. प्रशियाच्या सैन्यात रायस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने 1824 मध्ये नकाशावर ठोकळे आणि फासे घेऊन खेळायची युद्धकवायत नीट बसवली आणि तिथल्या सेनापतींनी ती अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलली. एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये मुलांच्या शिशाच्या शिपायांना नियम लावून त्यावर पुस्तक लिहिले. आज या छंदात सर्वाधिक चालणारे माप 28 मिलीमीटरचे, म्हणजे उभा माणूस अंगठ्याच्या एका पेराएवढा. तो प्लास्टिकचा असेल तर हात, डोके, पडशी सुटी येते. चौकटीतून कापायची, साच्याच्या जोडाची रेघ पात्याने खरवडायची, आणि प्लास्टिक किंचित विरघळवून एकजीव करणाऱ्या डिंकाने चिकटवायची. मग अस्तराचा रंग, त्यावर पातळ रंगाचे थर, घड्यांत साचणारी पाण्यासारखी गडद छटा, शेवटी कोरड्या कुंचल्याने कडा उजळायच्या. एवढी मेहनत एका शिपायावर. साहजिकच शंभर शिपाई करायला बसलेला माणूस आधी विचारतो की शंभर कोणते, आणि माझ्या मते या छंदाची खरी किंमत त्या प्रश्नात आहे. बखर वाचताना ‘अफाट फौज’ म्हणून पुढे जाता येते. पुतळे रंगवताना अफाट म्हणजे किती आणि कोणते, हे ठरवल्याशिवाय रंगाची बाटलीसुद्धा उघडता येत नाही.

असईवर हे लावून पाहू. 23 सप्टेंबर 1803 रोजी केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची फौज दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेवर चालून गेली. दोनच दिवस आधी बदनापुरात वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांनी दोन वाटांनी येऊन 24 तारखेला एकत्र हल्ला करायचे ठरवले होते. वेलस्लीला शत्रू आधीच सापडला आणि तो थांबला नाही. त्याच्याकडे लढाईत उतरवायला सुमारे साडेचार हजार माणसे आणि 17 तोफा होत्या. शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे मिळून पाच हजारांच्या आसपास घोडेस्वार. समोर शिंद्यांचे कवायती पायदळ, म्हणजे कंपू, दहा हजारांहून थोडे जास्त, तोफा शंभराच्या घरात, तीस हजारांच्या वर घोडदळ आणि आणखी बिनकवायती पायदळ. एका पुतळ्याला शंभर माणसे धरली तर इंग्रजांचे 45 पुतळे होतात, कंपूचे 108. घोडदळ मांडायचे तर शिंदे-भोसल्यांच्या बाजूने तीनशे घोडे लागतील.

जमवणारा इथेच पहिली चूक करतो, आणि ती मराठी माणूसच जास्त करतो. घोडे सुंदर दिसतात, बाजारात मिळतात, ‘मराठा’ म्हटले की डोळ्यांपुढे तेच येतात. तो तीनशे घोडे घेतो आणि कंपूवर हात आखडतो. मग टेबलावरची असई म्हणजे शिस्तबद्ध लाल डगलेवाल्यांसमोर उधळलेली टोळधाड होते, आणि हरल्याचे कारण आपोआप ‘आपल्यात शिस्त नव्हती’ असे निघते. ते कारण खरेदीतून निघाले, पुराव्यातून नाही. शिंद्यांचे घोडदळ त्या दिवशी मैदानात होते. लढाईच्या मध्यावर 74 व्या हायलँडर पलटणीच्या उरल्यासुरल्या माणसांवर ते तुटूनही पडले. पण दिवसभराचा भार पेलला तो कंपूने आणि तोफखान्याने. महादजी शिंद्यांनी द बॉईन या युरोपीय अधिकाऱ्याकडून उभारून घेतलेली, आग्र्याच्या कारखान्यात बंदुका-तोफा ओतून घेतलेली ही फौज होती. तिची सूत्रे त्या दिवशी पोलमान नावाच्या हनोवरच्या जर्मनाकडे होती, आणि तिच्यात बेगम समरूच्या पलटणीही होत्या.

मुख्य पुरावा पोलमानच्या एका हालचालीचा आहे, आणि तो पुतळे हातात असल्याखेरीज नीट कळत नाही असे मी म्हणेन. मराठी फौज केळणेच्या काठाने उभी होती. वेलस्लीने समोरासमोरच्या काठांवर दोन गावे पाहिली आणि मध्ये उतार असणारच असे ताडून फौज पूर्वेकडून नदीपार केली. बाजूने घुसायचे, एवढाच त्याचा बेत. पण तो पलीकडे पोचून रांग लावेपर्यंत पोलमानने आपली सारी ओळ काटकोनात फिरवून त्याच्यासमोर आणली होती. याचा अर्थ अंगणात करून पाहावा. मैलभराची ओळ एका टोकाभोवती दाराच्या फळीसारखी फिरवली तर दुसऱ्या टोकाच्या शिपायाला दीड मैलाहून जास्त चालावे लागते, आणि तेही शेजाऱ्याचा खांदा न सोडता. म्हणून पलटणी तशा फिरत नाहीत. त्या रांगा मोडून तुकड्यांनी निघतात आणि नव्या जागी पुन्हा रांग धरतात. एकशे आठ पुतळे पाटांवर ठेवून, एका वेळी एक पाट हलवून हे करायला घेतले की चौथ्या-पाचव्या पाटाला गुंता होतो. खरी माणसे, बैल आणि शंभरभर तोफा शत्रूच्या डोळ्यांदेखत तेच करत होत्या. शिस्त नव्हती म्हणणाऱ्याने आधी पाट हलवून दाखवावेत.

रंगाचेही तसेच. आपले एका रंगात आणि त्यांचे दुसऱ्या, ही सोय असईत मिळत नाही. कंपनीच्या बाजूला दोन हायलँडर पलटणी गोऱ्या, पण पायदळाचा मोठा भाग मद्रासकडचे हिंदी शिपाई. नदीच्या दक्षिणेला थांबवलेल्या दोस्त घोडदळात पेशव्यांचे मराठे. समोरच्या कंपूत हुकूम देणारे युरोपीय अधिकारी, आणि शिपाई बरेचसे उत्तर हिंदुस्थानातले. काळ्या-गोऱ्या चेहऱ्यांची विभागणी करून रंग कालवायला बसलेल्याला ते दोन्ही बाजूंना वापरावे लागतात. पाठ्यपुस्तकात ‘इंग्रज-मराठे युद्ध’ एवढे दोन शब्द पुरतात.

आक्षेप बरेच आहेत आणि काही वजनदार आहेत. एक मापाचा: अंगणात मावळा वीतभर आणि डोंगर कमरेएवढा, मग त्यातून खरे काय कळणार? हा आक्षेप सगळ्याच टेबलांना लागू होतो. 28 मिलीमीटरच्या माणसाच्या मापाने मैलभराचे रणांगण आखले तर टेबल सुमारे 28 मीटर लांब लागेल. म्हणून या छंदात जमिनीचे माप आणि माणसाचे माप मुद्दाम वेगळे ठेवतात. दहा फुटांत एक मैल बसवला तर दोन किंवा तीन रांगांत खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली शंभर माणसे साडेतीन ते पाच सेंटीमीटर जागा व्यापतात. बाजारातल्या मध्यम मावळ्याचे बूड साधारण तेवढेच असते. त्याची उंची एका माणसाची, रुंदी शंभरांची. डोळ्याला उंची खटकते, पण हिशेब रुंदीचा करायचा असतो आणि तो जुळतो.

दुसरा आक्षेप फाशांचा. जे घडून गेले ते फासे टाकून काय ठरवायचे? उलट मला वाटते, घडून गेलेले अटळ होते हा भ्रम फासेच मोडतात. ऑरॉक नावाचा अधिकारी आपल्या तुकडीसह उजवीकडे भलताच पुढे, असई गावाकडे सरकत गेला. 74 वी पलटण त्याच्या मागे गेली आणि गावातल्या तोफांखाली जवळजवळ नाहीशी झाली. ही चूक ठरलेली नव्हती. फाशावर ती कधी होते, कधी होत नाही, आणि ती झाली नाही तर वेलस्लीचा विजय सोपा होतो. उलट पहिली फळी फुटल्यावर कंपूने पुन्हा रांग धरली आणि तिला वेळीच हुकूम मिळत गेला, तर त्याची फौज नदीत ढकलली जाते. युद्धाआधी कंपूतले बरेच इंग्रज अधिकारी कंपनीच्या जाहीरनाम्याने फुटून निघाले होते. नियमांत या गोष्टीला एक वाईट फासा देता येतो. तो दिल्याने आणि न दिल्याने निकाल किती बदलतो हे पाहण्यात दिवाळीची सुटी सहज जाईल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: जिथे खरी माणसे मेली तिथे खेळ कसला? वेलस्लीच्या बाजूचे 428 ठार, 1,138 जखमी, 18 बेपत्ता. मराठी बाजूची मोजदाद अंदाजाचीच. इंग्रज सुमारे बाराशे मृत सांगतात. याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. एवढेच म्हणेन की 1,584 हा आकडा वाचून पुढे जाता येते, पण 45 पुतळ्यांपैकी सोळा स्वतःच्या हाताने आडवे करावे लागले की जिंकणाऱ्या बाजूचाही हात थबकतो. पुढे वॉटर्लू जिंकलेला हाच माणूस आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचे नाव घेत असे, त्याचे कारण त्या सोळांत शोधावे. राहिला ‘हरलेली लढाई दिवाळीत कशाला’ हा आक्षेप. पानिपत हा शब्द रोजच्या बोलण्यात वापरणाऱ्या लोकांनी तो घेऊ नये.

मग पुतळे आणायचे कुठून? परदेशी संच महाग पडतात आणि त्यासाठी हटून बसण्याचे कारणही नाही. दहा-अकरा सेंटीमीटरचा मावळा म्हणजे माणसाच्या सुमारे पंधराव्या हिश्शाचे माप. या मापात बैल खांद्यापाशी नऊ-दहा सेंटीमीटर भरतो, आणि असा मातीचा बैल पोळ्याच्या बाजारात मिळतो. असईत बैलांना महत्त्व आहे: इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल आणि तोफांवरची माणसे मराठी माऱ्यात इतकी पडली की त्या तोफा मागे टाकून पायदळाला पुढे जावे लागले. पोळा झाल्यावर कोनाड्यात गेलेली जोडी दिवाळीत खाली उतरवता येईल. शिपायासाठी मात्र साचा नवा करावा लागेल. तेही या भागाला अपरिचित नाही. सातवाहनांच्या काळात तेर-पैठणकडे पांढऱ्या मातीच्या मूर्ती दोन भागांच्या साच्यात दाबून, दोन्ही अर्ध्या जोडून, आतून पोकळ करत. भोकरदन म्हणजे तेव्हाचे भोगवर्धन. तिथल्या उत्खननात मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीत पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे. आजचा प्लास्टरचा मावळाही दोन अर्ध्यांचाच असतो. कानापासून कमरेपर्यंत बाजूने उतरणारी उंचवट्याची रेघ पाहा. ती ओली असतानाच पात्याने काढली तर पुतळ्याचा भाव दुप्पट वाटतो. ढाल असलेला हात कापून त्या जागी तारेचा गज आणि कापसाचा बोळा लावला तर तोफेत बार ठासणारा माणूस होतो. एका तोफेला असे चार-पाच हवेत: ठासणारा, गोळा देणारा, काना, म्हणजे बत्तीचे भोक, बोटाने दाबून धरणारा, बत्ती देणारा. आठ तोफांना एक धरली तर मराठी बाजूला बारा-तेरा तोफा, इंग्रजांना दोन. म्हणजे पन्नासाहून अधिक गोलंदाज नुसते मराठी बाजूचे, आणि बाजारात एकही नाही.

त्यांतले निदान दहा-बारा बुडाला चिकटवू नयेत. इंग्रजांची ओळ तोफांवरून पुढे गेली तेव्हा काही गोलंदाज मेल्यासारखे पडून राहिले, आणि ती ओळ पुढे सरकताच उठून त्यांनी त्याच तोफा फिरवून तिच्या पाठीवर डागल्या. वेलस्लीला पुढचा हल्ला सोडून मागे वळावे लागले. चिकटवलेला पुतळा हे करू शकत नाही. बुडात एक खिळा, टाचेत तेवढेच भोक, एवढ्यावर तो उभा राहतो, काढून तोफेच्या चाकाशी पालथा ठेवता येतो, आणि समोरच्याचे लक्ष पुढच्या फळीवर असताना परत खिळ्यावर बसवता येतो.