डबी न उघडता

संगणक चुकत नाही, चुकतो तो माणूस, असे आपण इतकी वर्षे ऐकत आलो. माझी भाची अमेरिकेत ज्या संगणकावर संशोधन करते, तो मात्र सारखा चुकतो आणि त्याच्या चुका शोधण्यातच तिची पाच वर्षे गेली आहेत. माझ्या बहिणीला याचे फार वाईट वाटते. ‘‘लोक विचारतात, मुलगी काय करते? काय सांगू, चुका मोजते?’’

गेल्या दिवाळीत भाची आली, तेव्हा चकल्या तळता तळता मी तिच्याकडून सगळे समजावून घेतले.

हा क्वांटम संगणक. तिच्या जातीच्या यंत्रात हिशेब करतात ते सुटे अणू, रुबिडियम नावाच्या धातूचे. हवा काढून टाकलेल्या काचेच्या पेटीत लेसरच्या प्रकाशाने त्यांना इतके थंड करतात, की ते जवळजवळ थबकतात. मग प्रकाशाच्याच चिमट्यांनी एकेक अणू पकडून रांगोळीच्या ठिपक्यांसारखे मांडतात. प्रत्येक अणू म्हणजे एक क्यूबिट. आपल्या संगणकातला बिट शून्य असतो किंवा एक. क्यूबिट दोन्हींच्या मिश्रणात राहू शकतो. दोन अणूंची सांगड घालायची तर त्यांना जवळ आणतात, लेसरने क्षणभर फुगवतात आणि पुन्हा दूर नेतात.

२०२३ मध्ये हार्वर्डच्या गटाने ही सांगड ९९.५ टक्के बिनचूक घालून दाखवली. ऐकायला छान, पण म्हणजे दोनशेत एक चूक. उपयोगाच्या गणिताला अशा कोट्यवधी पायऱ्या लागतात!

मग तपासून बघावे ना? इथेच मेख आहे. क्यूबिटकडे पाहिले की त्याचे मिश्रण मोडते. त्याची नक्कलही काढता येत नाही. हे १९८२ मध्ये सिद्ध झाले आहे. त्यामुळे असा संगणक कधी चालेल का, याची काही नामवंत शास्त्रज्ञांनाही शंका होती. १९९५ मध्ये पीटर शोर यांनी वाट दाखवली. एका क्यूबिटमधली माहिती नऊ क्यूबिटांत पसरून ठेवायची.

मला काही कळेना. आमच्या वडिलांचे इंदूरला किराणा दुकान होते, त्यांचा पितळी तराजू अजून माझ्याकडे आहे. भाचीने तो काढला आणि तीन बंद डब्या घेतल्या. ‘‘समज, तिन्हींत सारखंच वजन भरलं होतं. उघडायच्या नाहीत. पहिली आणि दुसरी तोलली, पारडी समान. दुसरी आणि तिसरी तोलली, पारडं कललं. बिघडली कुठली?’’

‘‘तिसरी.’’

‘‘आणि आत काय आहे ते कळलं का, मावशी?’’

नव्हते कळले. तराजूने एवढेच सांगितले, की कोण कोणाशी जुळत नाही. अणूंनाही जादा अणूंच्या मदतीने इतकेच विचारतात. शोर यांची पद्धत याहून गुंतागुंतीची, पण गाभा हाच.

डिसेंबर २०२३ मध्ये हार्वर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२८ अणूंतून असे ४८ संरक्षित क्यूबिट केल्याचे प्रसिद्ध केले. ‘‘पण त्यात चूक नुसती सापडत होती, दुरुस्त होत नव्हती. सापडली की तो प्रयोग टाकून द्यायचा,’’ भाची म्हणाली. तिचे हे न लपवणे मला आवडले. २०२५ मध्ये कॅलटेकने ६,१०० अणू धरून दाखवले. वर्तमानपत्र तो आकडा मोठ्या अक्षरात छापते. भाची मात्र आधी विचारते, त्यातले संरक्षित किती आणि ते चुकतात किती?

(आमच्या सोसायटीत ‘क्वांटम लॉकेट’ विकायला एक गृहस्थ आले होते. त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही, हे जाता जाता सांगून ठेवते.)

बहिणीला मी आता म्हणते, सरळ सांगत जा की मुलगी चुका शोधते. त्या शोधल्याशिवाय हे यंत्र कुणाच्याच कामाचे नाही.

सध्या भाचीच्या मागे वेगळीच कटकट आहे. अणू कधी कधी चिमट्यातून निसटून नाहीसाच होतो. पण ही चूक त्यातल्या त्यात बरी, असे ती म्हणते. कोणती जागा रिकामी झाली, ते तरी कळते. आणखी दोन वर्षे तिची यातच जातील.