घासायचं किती

जुन्या घरात लादीचं काम बघायला गेलो की मी आधी कपाट थोडं सरकवायला सांगतो. दिवाणखान्याच्या मधोमध उभं राहून लादीविषयी फारसं काही कळत नाही. तिथे दिसतो तो वर्षानुवर्षांच्या मेणाचा, फिनाइलचा आणि रंगकामात सांडलेल्या डिस्टेंपरचा थर. कपाटाखालची लादी मात्र बसवली त्या दिवशी होती जवळजवळ तशीच असते. तिथे एकदा सरळ पट्टी आडवी ठेवून पाहायची, मग दाराच्या वाटेवर, जिथे पायांनी खोलगट केलेलं असतं तिथे. किती झिजलंय आणि किती शिल्लक आहे, याचा अंदाज येतो. घासायचं मशीन लादीवरचं काढतं, तिच्यात भर घालत नाही. काढायला किती उरलं आहे हे ठाऊक नसताना ते चालू करायला मी तयार नसतो.

ही शिल्लक लादीलादीत वेगळी. दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतींत नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या दिसतात. १९२२ साली फिरोजशा सिधवांनी स्वदेशीच्या ध्यासातून भारत टाइल्सचा कारखाना काढला, त्या घराण्यातल्या या लाद्या. साच्यात पितळी पट्ट्यांची जाळी ठेवायची, तिच्या एकेका घरात रंग, सिमेंट आणि संगमरवराची भुकटी कालवून ओतायची, जाळी अलगद उचलायची, वर रेती-सिमेंटचा थर पसरून दाबयंत्राखाली दाबायचं. या लादीला भट्टी माहीत नाही, ती पाण्यात मुरून घट्ट होते. सगळा रंग वरच्या काही मिलिमीटरांत असतो. मोझॅक लादीसारखी ती घासली, तर एके दिवशी पाकळीच्या जागी करडं सिमेंट वर येतं, आणि त्याला इलाज नाही. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात आहेत त्या इंग्लंडहून आलेल्या मिंटन लाद्यांची गोष्ट आणखी निराळी. एका मातीत दुसऱ्या रंगाची माती भरून त्या भाजलेल्या असतात. भाजताना वर जी कठीण साय धरते, तीच त्यांचं रक्षण करते. मशीनने ती काढली की आतली माती मळ पिऊ लागते. अशा लादीला मी घासायचा दगड लावत नाही, गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी.

चकाकीचा हट्ट हा आमच्या धंद्यातला खरा शत्रू आहे. हॉटेलच्या लॉबीत दिसते तशी चमक घरी हवी असते आणि ती शहाबादीकडूनही मागितली जाते. शहाबादी हा थराथरांचा चुनखडी दगड. त्याला स्वच्छ करता येतं, थोडा मऊपणा आणता येतो, पण आरशाचं रूप त्याच्या अंगात नाही. कोट्याला बरीच चमक येते, मकराण्याला तर येतेच. दगडाच्या कुवतीपलीकडची चमक वरून रसायनाने किंवा लाखेसारख्या लेपाने आणलेली असते. काही महिन्यांत चालण्याच्या वाटेवरून ती उडते आणि कडेला पिवळट होऊन बसते.

जुन्या लाद्यांपैकी बऱ्याचशा घासण्याची गरजच नसते, त्या नीट धुवायच्या असतात. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता अंदाजपत्रकात धुण्याचा खर्च आधी आणि वेगळा लिहितो. लोक स्वतः हात घालतात तेव्हा पहिलं आणतात ते बाथरूमचं अ‍ॅसिड. संगमरवर, शहाबादी, कोटा, कडप्पा हे सगळे चुन्याच्या कुळातले. सिमेंटच्या लादीतही चुना आहे. अ‍ॅसिड पडलं की फसफसतं, म्हणजे मळाबरोबर लादीही विरघळत असते. नंतर ती पांढुरकी, खरखरीत दिसते आणि पूर्वीपेक्षा लवकर मळते. मळ बहुतेक वेळा तेल, मेण आणि साबणाचा असतो. त्याला सौम्य अल्कलीचं द्रावण पुरतं. ते पसरायचं, पाव तास ओलं ठेवायचं, सुकू द्यायचं नाही, मग एका गोल पॅडचं मशीन फिरवायचं. ते मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे फेरे घेतं. पॅडचा रंग त्याचा कडकपणा सांगतो: पांढरा सर्वांत मऊ, मग लाल, मग हिरवा, काळा सर्वांत कडक. मी पांढऱ्यापासून सुरू करतो आणि जमेल तोवर लालच्या पुढे जात नाही. नवीन मुलगा मशीनशी झटापट करतो आणि दमतो. त्याला सांगावं लागतं की ढकलू नकोस: दांडा किंचित उचललास की ते उजवीकडे जाईल, दाबलास की डावीकडे. हे हाताला कळलं की चाळीस किलोचं धूड दोन बोटांवर चालतं.

पण धुण्यातलं मोठं यंत्र माझ्या लेखी घासणारं नव्हे, ओढणारं. पाणी ओढणारा व्हॅक्यूम नसेल तर सुटलेला सगळा मळ राड होऊन सांध्यांत उतरतो आणि सुकला की पुन्हा वर येतो. कपडे साबणासकट वाळत घालावेत तसा प्रकार. गिरगावातल्या लाकडी तुळयांच्या इमारतींत तर व्हॅक्यूमशिवाय पाऊल टाकू नये. तिथे लादीखाली चुन्याचा कोबा, त्याखाली फळ्या, आणि त्याखाली शेजाऱ्यांचं छत. बादलीभर पाणी मुरलं तर खालच्या काकूंच्या देवघरावर डाग उमटतो. अशा घरात मी हातभर पट्टा ओला करतो, घासतो, लगेच ओढून घेतो आणि मगच पुढे सरकतो. वेळ जातो, जाऊ द्यावा.

मोझॅक मात्र घासायला चांगलं. त्यात संगमरवराच्या खड्या बऱ्याच खोलवर असतात, म्हणून दगडाची धार सोसते. आधी साठ नंबरच्या आसपासचा जाड दाण्याचा दगड, मग खड्यांमधली भोकं जुळत्या रंगाच्या सिमेंटने भरून काही दिवस ओलं ठेवायचं, मग एकशे वीस, मग तीनशे वीसच्या वर. मधली पायरी गाळली तर आधीच्या दगडाचे ओरखडे पुढचा दगड मिटवू शकत नाही. प्रकाश तिरपा पडला की ते गोल गोल दिसतात. प्रत्येक पायरीनंतर घासून निघालेला ओला रगडा पूर्ण काढायचा, कारण जाड दाण्याचा एखादा कण राहिला तरी तो शेवटच्या पॉलिशला चिरत जातो. हा रगडा मोरीत सोडायचा नाही. त्यात सिमेंट असतं, ते नळीत बसून घट्ट होतं, आणि मग प्लंबर भिंत फोडतो.

तळमजल्यावर लोणा येतो तिथे सगळ्यांना वर पक्का लेप हवा असतो. मी नकार देतो. जुन्या लादीखाली ओल अडवणारा थर बहुधा नसतो, जमिनीतली ओल लादीतूनच बाहेर पडते. तिची वाट वरून बंद केली की क्षार लेपाखाली साठतो आणि लादीची पापुद्री उचलतो. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा, ओलीचं कारण शोधायचं, ते बहुतेक वेळा फुटकी मोरी किंवा भिंतीबाहेर साचणारं पाणी असतं.

फुटलेल्या लादीसाठी माझा एक आवडता मार्ग आहे. ओट्याखालची किंवा कपाटाखालची एक धड लादी जपून काढायची आणि ती दर्शनी जागेत बसवायची. नवी बनवून आणलेली लादी त्या लपलेल्या जागी जाते. नक्षी तीच असली तरी नवीन रंग बाजूच्यांत मिसळायला वेळ घेतो, कपाटाखाली तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. दर्जा भरतानाही जुन्या सांध्याचा रंग बघून सिमेंटमध्ये थोडी काजळी किंवा पिवडी घालावी, पांढरीशुभ्र रेघ सगळी नक्षी चिरून टाकते.

दारातला खोलगटपणा सपाट करा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तो सपाट करायचा म्हणजे त्याच्या पातळीला येईपर्यंत आजूबाजूची सगळी खोली घासायची. पाय अडखळत नसेल तर मी ते करत नाही. जिथे अडखळतो तिथे तेवढ्याच दोन-तीन लाद्या उचलून पुन्हा बसवतो.

काम संपल्यावर घरच्यांना एवढंच सांगतो: साधं पाणी, त्यात क्वचित थोडा सौम्य साबण, आणि दाराबाहेर एक खरबरीत, आत एक मऊ पायपुसणं. संगमरवराचा कडकपणा तीनच्या आसपास, रेतीच्या कणाचा सात. रस्त्यावरून चपलेबरोबर आलेली रेती घरभर फिरत राहते आणि रोज थोडंथोडं घासत राहते. पायपुसणी दोन दिवसांआड झटकली तर पुढची कित्येक वर्षं मला त्या घरात मशीन न्यावं लागत नाही.