इद्दत चार महिने दहा दिवसांची, मुदत दोन वर्षांची

माझ्या बहनोईंचा चाकणजवळ महाळुंग्याच्या एका कारखान्यात इन्तेकाल झाला, तेव्हा ते 35 वर्षांचे होते. प्रेसची डाय बदलताना मशीन सुरू झाली. दफन होऊन अकरा दिवस झाले आणि ठेकेदार घरी आला. सोबत तीन लाखांचा चेक आणि स्टॅम्पपेपर. बहीण इद्दतीत आतल्या खोलीत. "मुदत निघून गेली तर एवढेही मिळायचे नाहीत," असे तो तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने अब्बांना म्हणाला.

अब्बांनी कागद परत केला. कायदा त्यांना ठाऊक नव्हता. इद्दतीतल्या बाईची सही घ्यायला धावत येणाऱ्याचा त्यांना भरवसा वाटला नाही, इतकेच.

खरी मुदत वकीलसाहेबांकडून कळली. 1923 च्या भरपाई कायद्यात दाव्याला दोन वर्षे होती. मृत्यूची भरपाई मालकाने आयुक्तांकडे, म्हणजे आपल्याकडे कामगार न्यायालयात, जमा करायची. थोडी आगाऊ रक्कम सोडली तर परस्पर हातात दिलेला पैसा भरपाईत धरलाच जात नाही. ठेकेदार पसार झाला तर ज्या कंपनीचे काम चालले होते तिच्याकडे मागता येते. बेवा माहेरी गेली असेल तर दावा तिथेही लावता येतो.

हिशेब असा. पगाराचा निम्मा भाग घ्यायचा आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे. 35 व्या वर्षाला तो आकडा 197.06. बहनोईंचा पगार 24 हजार होता, पण कायदा 15 हजारांच्या वर मोजत नाही. (घरभाडे आणि शाळेची फी मात्र पूर्ण पगारावर चालत होती.) 7,500 गुणिले 197.06, म्हणजे 14,77,950 रुपये, आणि दफनखर्चाचे पाच हजार. महिन्याभरात जमा केले नाहीत तर वर 12 टक्के व्याज. कुठे हे आणि कुठे तीन लाख!

पगार 21 हजारांच्या आत असेल तर सहसा ईएसआयचा रस्ता असतो. तिथे एकरकमी नाही, दरमहा पेन्शन मिळते. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही म्हणून तो हक बुडत नाही. "आमचे नावच नव्हते" म्हणून गप्प बसलेली घरे मी चिखलीत पाहिली आहेत.

मग घरातलाच प्रश्न उभा राहिला. बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या, "बेटेके खूनका पैसा मैं कैसे खाऊं?" त्यांना सूरह निसातल्या दियतीची आठवण द्यावी लागली. चुकून जीव गेला तरी घरच्यांचा हक कुरआनने ठेवला आहे. दिराचे म्हणणे वेगळे: विरासतीप्रमाणे वाटणी करा, त्यात बेवेचा आठवा हिस्सा. पण ही रक्कम कायदा मरहूमवर अवलंबून असलेल्यांना देतो, आणि कोणाला किती ते न्यायालय ठरवते. बेवा, अज्ञान मुले, अविवाहित मुली, विधवा आई हे आधी. सज्ञान भाऊ त्या यादीत नाही. सासऱ्यांनीच वाद मिटवला. ते म्हणाले, माझी पेन्शन मला पुरते, मुलांचे मुलांना राहू द्या.

8 डिसेंबर 2023 ला तळवड्यात केकवर लावायच्या फुलबाज्यांच्या कारखान्याला आग लागली. जीव गेले ते बहुतेक बायकांचे. सरकारने मदत जाहीर केली, पण तशी मदत आणि कायद्याची भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मिळाली म्हणून दुसरी सोडायची नसते. बाई गेली तर नवऱ्याला तिच्यावर अवलंबून असल्याचे दाखवावे लागते, लहान लेकरांना नाही. हे सगळे नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेले आहे. निम्म्या पगाराचा हिशेब तसाच आहे.

बहिणीचा निकाल 2024 मध्ये लागला. तिचा हिस्सा तिच्या खात्यात आला, मुलांचा न्यायालयाने बँकेत मुदतठेवीत ठेवायला लावला. धाकटी तेव्हा चार वर्षांची होती. तिची पावती 2038 साली सुटेल.