आमचं मागलं चाक

पुढचं चाक गरीब. ३२ तारांचं, हँडल म्हणेल तिकडं वळणारं. मागलं तसं नाही. त्याला ४० तारा. साखळीचा ओढा त्याच्यावर, कॅरिअरवरचं पेंडीचं पोतं त्याच्यावर आणि वर मी. घरात राबणाऱ्या माणसाला रुसायचा हक्क असतो, तसा तो त्यानं स्वतःकडं घेतलेला. त्याचं रुसणं म्हणजे आऊट मारणं.

सायकल वडिलांची. काळी, २८ इंची, दांड्याची. सांगली-मिरज-कुपवाड अशी तिघांची मिळून १९९८ साली महापालिका झाली, त्याच्या आधीपासून ती कुपवाडच्या एमआयडीसीत तिन्ही पाळ्यांना जाऊन आली आहे. वडील निवृत्त झाले, सायकल झाली नाही.

रुसल्याची वर्दी आधी कानाला मिळते. ब्रेकचं रबर दर फेऱ्याला एकदाच रिमला घासतं. खस्स. मग गप्प. पुन्हा खस्स. मी निपलचा पान्हा विकत आणला, सायकल सीटवर उलटी उभी केली आणि रिमजवळ खडू धरला. खडू लागेल तिथं चाक बाहेर आलेलं. उजवीकडं झुकलं असेल तर डाव्या तारा आवळायच्या, उजव्या सोडायच्या. एवढंच तर शास्त्र! रविवारी चाक सुतासारखं सरळ व्हायचं आणि पुढच्या रविवारपर्यंत पुन्हा खस्स.

मग संशयाची पाळी. रस्त्यावरच्या खड्ड्यांना शिव्या घातल्या. पोतं दोन खेपांत आणलं. कोन ढिला असेल म्हणून रिम धरून चाक आडवं हलवून पाहिलं, तर वाटीतले छर्रे जागच्या जागी. एक्सलही सरळ. चाक मात्र नव्यानं लग्न ठरलेल्या पोरासारखं लाजून एका अंगाला कलायचंच.

शेवटी दुकानात नेलं. (आमच्या जिल्ह्यात सायकलच्या दुकानाला कुणी हलकं म्हणू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सुरुवात केली ती सायकलींपासूनच. आमच्याकडची किर्लोस्करवाडी वसली ती पुढं, १९१० साली.) दुकानातल्या काकांनी खडूबिडू काही घेतला नाही. चाक हातानं हळू फिरवलं आणि स्क्रू ड्रायव्हरची मूठ तारांवरून ओढत नेली. टण्ण, टण्ण, ठद्द. टण्ण, ठद्द, ठद्द.

इथून मिरज जवळ. तिथल्या शिकलगारांनी हत्यारांची धार सोडून तंबोऱ्याच्या तारा धरल्या त्याला दीडशेच्या वर वर्षं झाली, २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. ते कान चार मैलांवरच्या सायकलच्या दुकानापर्यंत आले असतील असं मला वाटून गेलं.

"पान्हा कुणी लावला ह्याला?"

"मीच."

"चाक वाकडं न्हाई ओ दादा. ढिलं हाय."

गोष्ट अशी. बैलगाडीचा आरा लाकडाचा. तो उभ्यानं वजन पेलतो. सायकलची तार ढकलू शकत नाही, तिला फक्त ओढता येतं. चाळीसही जणी रिमला चारी बाजूंनी ताणून धरतात, म्हणून ते गोल. एकेक तार खाली आली की तिचा ताण क्षणभर उतरतो, वर गेली की परत चढतो. किलोमीटरला साडेचारशेच्या आसपास वेळा. तार मुळातच ढिली असेल तर खाली येताच पार सैल पडते, निपल हादऱ्यानं आपोआप उलटं फिरतं आणि शेजारणीवर भार जातो.

ढिलं केलं होतं मी. गंजलेली निपलं आवळायला जड जायची, म्हणून मी सोप्या बाजूच्या तारा सोडत गेलो. दर रविवारी चाक सरळ होत होतं आणि दर रविवारी सैल.

आणि ज्या आवळल्या म्हणत होतो, त्या तरी आवळल्या होत्या का? काकांनी एका तारेवर खडूची बारीक खूण केली आणि पान्हा फिरवला. निपल फिरलं, त्याच्याबरोबर खूणही फिरली. तार आवळली जात नव्हती, नुसती पिळली जात होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझ्या तारांचा पीळ तानंग फाट्यापर्यंतही टिकत नव्हता.

त्यांनी प्रत्येक निपलच्या तोंडाशी तेलाचा थेंब सोडला आणि सायकल रात्रभर ठेवून घेतली. सकाळी सगळ्या तारा थोड्या थोड्या चढवल्या. दर वेळी जरा जास्त फिरवून तेवढंच मागं घ्यायचं, म्हणजे पीळ उरत नाही. चार तारा वाकाशी चिरल्या होत्या, त्या बदलल्या. रिमला एक जुना पोचा आहे. तो जायचा नाही असं त्यांनी आधीच सांगितलं.

पावसाळा उलटला. पेंडीचं पोतं आता पुन्हा एकाच खेपेत येतं. निपलचा पान्हा काकांनी ठेवून घेतला, तो मी परत मागितलेला नाही.