गिटारवाला गेला, बरं झालं

संध्याकाळी सोलापूरच्या सात रस्ता चौकात उभं राहून गाणं ऐकायचं म्हणजे गाण्याचीच परीक्षा. विजापूर रोडच्या रिक्षा, सिटी बस, मध्येच फटफटणारी एखादी बुलेट. सातही वाटांना एकदमच घाई. या गदारोळात माझ्या कानात टिकून राहिलेला रॉक अल्बम म्हणजे 'कीन' या इंग्लिश बँडचा 'होप्स अँड फीअर्स'. आणि त्यात गिटारच नाही!

त्यांचा गिटारवाला डॉमिनिक स्कॉट २००१ मध्ये बँड सोडून गेला. उरलेल्या तिघांनी दुसरा आणला नाही. टॉम चॅपलिन गाणार, रिचर्ड ह्यूजेस ड्रम वाजवणार आणि टिम राइस-ऑक्सली बसणार यामाहाच्या सीपी-७० पियानोवर. हा पियानो नावाला इलेक्ट्रिक. आत खऱ्या तारा, त्यांवर आपटणाऱ्या खऱ्या हातोड्या. आवाज तेवढा पिकअपमधून स्पीकरला जातो. मे २००४ मध्ये अल्बम आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला.

गिटारची तार बोटाने ओढली की सूर वाकतो. पट्टी दाबली की सूर तिथेच उभा. आपल्या पेटीने याच कारणासाठी किती बोलणी खाल्ली! मींड नाही, श्रुती नाहीत, परकं वाद्य. १९४० मध्ये रेडिओने तिला बाहेरच काढलं आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. पण त्याआधीच गोविंदराव टेंबे भास्करबुवा बखल्यांच्या साथीला पेटी घेऊन बसले होते आणि १९११ च्या 'मानापमाना'ला चाली देऊन मोकळेही झाले होते. महाराष्ट्राच्या कानाने निकाल कधीच दिला होता. रेडिओला तो उशिरा कळला, इतकंच.

भजनात जाणता पेटीवाला काय करतो, ते बघावं. डावा हात भात्यावर, उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर, नजर गाणाऱ्याच्या तोंडाकडे. तो सूर धरून ठेवतो. घसरायचं, हेलकावायचं ते गळ्याने. राइस-ऑक्सली वेगळं काय करतो? 'समवेअर ओन्ली वी नो'च्या सुरुवातीला एकाच लयीत तो स्वर ठोकत राहतो, नक्षीच्या भानगडीत पडत नाही. चॅपलिनचा आवाज मग त्या सुरांवरून हवा तसा वळतो. मध्ये गिटार असती, तर तिनेही वळणं घेतली असती आणि गळ्याला एवढी मोकळी जागा मिळाली नसती.

२००६ च्या 'इज इट एनी वंडर?'मध्ये राइस-ऑक्सलीने पियानोचा आवाज असा फाडला की ऐकणाऱ्याला गिटारच वाटावी. करामत झकास, पण मला ते सोंग फारसं रुचलं नाही. पट्टीने पट्टीसारखंच वाजावं.

पेटीवर कान तयार झालेल्यांनी हा पहिला अल्बम जरूर ऐकावा. सुरुवात मात्र शेवटच्या 'बेडशेप्ड'पासून करा.